पोळ्याचा पहिला मान

"बाबा, मान टिकवायचा कसा, तेवढं सांगा!"

हैबतराव पाटलानं पायातले जोडे काढायच्या आधीच विचारलं. दर्ग्याच्या ओट्यावर चांदशा फकीर वाकळ शिवत बसला होता.

"कसला मान?"

"कसला म्हणजे काय! उद्या पोळा. वेशीत तोरण बांधलं, की पहिले बैल आमचे जातात. ते गेल्याशिवाय गावात कुणी बैल हलवत नाही. पणजोबापासून चालत आलंय. आणि आता खालची वस्ती म्हणते, जो आधी येईल तो आधी जाईल. डोक्यावर बसायला निघालेत!"

पाटलाच्या जिवाला घोर लागला होता. आज तोरण गेलं, की उद्या चावडी जाईल, परवा बांधावरून जाणारा माणूस रामराम घालायचा नाही... आणि सारा गाव म्हणेल, हैबतरावाच्या हातनं गेलं. त्या बोलण्याचीच त्याला मरणाची धास्ती होती.

"मग काय योजलंयस?"

"वेशीत माणसं उभी करतो. काठ्या घेऊन."

"तुझ्या बापानं केली होती उभी?"

"छे! त्यांना काय गरज? लोक आपणहून थांबायचे."

"आणि तुझ्यासाठी?"



फकिरानं दोरा दातानं तोडला. पाटील भडकला.

"तुम्हाला चेष्टा सुचतेय, बाबा. इथं डोकी फुटायची वेळ आलीय!"

चांदशा ओट्यावरून उतरला. दर्ग्याच्या कमानीसमोर जाऊन उभा राहिला. कमरेची दोरी सोडून त्यानं आपल्याच गळ्यात अडकवली.

"ही तुझी वेस. मी तुझा बैल. काढ मला तोरणाखालून."

पाटील सरसावला, फेटा नीट केला, आणि सवयीनं फकिराच्या मागं जाऊन ताठ उभा राहिला.

दोरीचं टोक फकिरासमोर मातीत पडलं होतं.

"अरे, चाल की!" फकीर मान वळवून म्हणाला.

"तुम्ही चला ना."

"बैल आपणहून चालतो होय? पुढं कोण असतं?"

"पुढं... सटवा असतो. आमचा सालगडी. कासरा तोच धरतो. बैल दुसऱ्या कुणाला अंगाला हात लावू देत नाहीत."

"राहतो कुठं हा सटवा?"

पाटलानं वस्तीकडं पाहिलं.

"खालच्या वस्तीत..."

फकिरानं गळ्यातली दोरी काढली, झटकली आणि पुन्हा कमरेला बांधली.

"सटवा उद्या कासरा धरायला येतो म्हणालाय का?"