खडकापुढचं पाणी

फार पूर्वी दोन राज्यांच्या मध्ये एक अरुंद समुद्र होता. अलीकडचा राजा म्हणे, "पाणी माझं." पलीकडचा म्हणे, "माझं." ज्या पाण्याचा घोटही पिता येत नाही, त्यासाठी दोघे हमरीतुमरीवर आले होते!

लढाई मात्र होत नव्हती, कारण दर्याचा एक जुना रिवाज दोघेही पाळत. त्या पाण्यातून कुणाचंही गलबत जाऊ शके. फक्त जाळं डोलकाठीला बांधायचं, शीड भरलेलं ठेवायचं आणि मध्ये कुठंही थांबायचं नाही. थांबला तो शत्रू.

अलीकडच्या किनाऱ्यावर एक म्हातारा नाखवा राहत होता. तंटा सुरू होण्याआधी त्यानं आपली लेक पलीकडच्या गावात दिली होती. आता तिच्या दारी जायला बंदी होती. वर्षातून एकदा तो नारळ घेऊन दक्षिणेच्या बंदराला निघे, तेव्हा लेक पलीकडच्या किनाऱ्यावरच्या खडकावर येऊन उभी राही. गलबत पुढं सरकेपर्यंत दिसेल तेवढीच लेक. घरी आल्यावर बायको विचारी, "वाळली का हो ती?" आणि त्याला धड सांगता येत नसे.

एका वर्षी लेकीच्या कडेवर मूल होतं. नाखव्याचा जीव कासावीस झाला. त्यानं शिडाच्या दोरीला हात घातला.

"बाबा, शीड उतरवू नका! जा पुढं!" लेक जिवाच्या आकांतानं ओरडली.

"एकदाच, पोरी! नाव तरी सांग त्याचं!"

शीड खाली आलं. गलबत थांबलं. त्यानं नातवाला डोळे भरून पाहिलं, त्याचं नाव ऐकलं.

तेवढ्यात पलीकडच्या गडावर शिंग वाजलं. 'हेर आला' म्हणत तिकडची लढाऊ जहाजं निघाली. ती पाहून इकडचीही निघाली. नाखवा कसाबसा निसटून घरी पोचला. तोफ कुणी डागली नाही, पण दोन्ही आरमारं तिथंच समोरासमोर नांगर टाकून बसली आणि ती वाट कायमची बंद झाली.

नाखवा दिवसातून दहादा नातवाचं नाव घेई. बायको ते ऐकून डोळे पुसे. किनाऱ्यावर दुसरेही नाखवे पलीकडं बघत बसलेले असत. त्यांतल्या एकानं एकदा म्हाताऱ्याला विचारलं, "गेल्या खेपेला माझी पोर पोटुशी दिसली होती. तिचं काय झालं, हे मला आता कोण सांगणार?"



तात्पर्य एवढंच: सगळ्यांच्या भरवशावर उघडी असलेली वाट, एकानं मायेपोटी जरी रिवाज मोडला, तरी सगळ्यांसाठीच बंद होते.