वाळूवरचा शेवटचा दगड

समुद्राचे नकाशे अजून कुणी काढले नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. किनाऱ्यावर एक कोळीवाडा होता आणि तीन दिवसांच्या वाटेवर एक बेट. वाटेच्या सुरुवातीलाच, टेकडीवरून दिसणाऱ्या पाण्यात, बुडालेले खडक होते.

वाड्यात एक रीत होती. समुद्राने नेलेल्या माणसाचे नाव घ्यायचे नाही, जागा दाखवायची नाही, नाहीतर समुद्र कोपतो. त्यामुळे दर काही वर्षांनी एखादी होडी त्याच खडकांवर फुटे, आणि वाडा पुन्हा गप्प होई.

एकदा एका समुद्रपक्ष्याने निरोप आणला, "बेटावर तापाची साथ आहे. तुमच्या रानातल्या मुळ्या लवकर पोचल्या नाहीत, तर बेट ओस पडेल."

होडी नेणारा म्हातारा तांडेल वाळूत बसला. बोटाने त्याने किनारा आखला आणि बायकांना बोलावले.

"तुम्ही टेकडीवरून बघत होता. आपल्या माणसाचं शीड शेवटचं जिथं दिसलं, तिथं दगड ठेवा."

"चांगल्या कामाला निघालास की आम्हाला रडवायला?" एक म्हातारी कडाडली.

"वहिनी, खडक जागा सोडत नाहीत. आपणच त्यांना लपवून ठेवलं."

मग म्हातारीनेच दगड उचलला. वीस वर्षांनी तिने नवऱ्याचे नाव घेतले. समुद्र होता तिथेच राहिला.

मग दगड पडत गेले. मधोमध एक रुंद वाट उरली. "हीच!" खलाशी ओरडले.

म्हातारी म्हणाली, "तांडेला, आमचे दगड झाले. तुझा कुठाय?"

सात वर्षांपूर्वी तांडेलाच्या मुलाची होडी त्याच्या डोळ्यांदेखत गेली होती. त्याने मुलाचे नाव घेतले आणि त्या रुंद वाटेच्या बरोबर मध्ये दगड ठेवला.

खलाशी खाली बसले. "आता?"

"आता डावीकडून, दगडांच्या मधून, वळणावळणाने. शीड उतरवून, दोरीला वजन बांधून, खोली मोजत."

सकाळी होडी निघाली. "वळव रे, इथं माझा भाऊ आहे," एक खलाशी म्हणे, आणि तिथे खरोखरच पाणी फेसाळत असे. शेवटच्या दगडाच्या जागेकडे बघून तांडेलाने एक हात कपाळाला लावला. दुसरा सुकाणूवरच होता.

चौथ्या दिवशी बेटावर शंख वाजले. मुळ्या उकळल्या, ताप उतरले. होडी नारळाची रोपे घेऊन परतली, तेव्हा सारा वाडा किनाऱ्यावर होता आणि म्हातारी गुडघाभर पाण्यात.

"आलास? मी आपली आणखी एक दगड शोधत होते!"

सगळा किनारा हसला, तांडेलही हसला. तेव्हापासून त्या वाड्यातली प्रत्येक होडी दगड मांडून, नावे घेऊन निघते, आणि परत येते.

तात्पर्य: दडवलेले दुःख खडकासारखे वाटेत उभे राहते, सांगितलेले दुःख मागून येणाऱ्याला वाट दाखवते.