चिंधीखालची फळी

एकदा एक वृद्ध वैद्य आपल्या भार्गव नावाच्या शिष्याला घेऊन डोंगरापलीकडच्या वस्तीकडे निघाले होते. तिथे चार वर्षांचे एक लेकरू दोन दिवस तापाने फणफणत होते, आणि भार्गवच्या हातातल्या गाडग्यात त्याच्यासाठी काढा होता. वाटेत खोल दरी होती. दरीवर दोरांचा झुलता पूल, इतका अरुंद की एका वेळी एकानेच जावे.

त्या पुलाची एक रीत होती. दोन्ही काठांवर घंटा टांगलेल्या होत्या. जाणाऱ्याने आपल्याकडची वाजवायची. पलीकडच्याने उत्तरादाखल स्वतःकडची वाजवून थांबायचे. मग वाट मोकळी. पुलाच्या बरोबर मध्यावर दरीतल्या देवीची लाल चिंधी बांधलेली असे, आणि एकदा पुलावर पाऊल टाकले की पाठ फिरवायची नाही, देवी कोपते, असे सगळे मानत.

भार्गवने घंटा वाजवली. पलीकडून लगेच घंटा ऐकू आली. गुरूंचे गुडघे दुखत होते, ते मागे राहिले होते. त्यांची वाट न पाहता तो झपाझप पुढे निघाला. पाव पूल ओलांडला तेव्हा समोरून पाठीवर तेलाचा बुधला बांधलेला एक व्यापारी येताना दिसला.

भार्गवने त्याला मागे जायला सांगितले. व्यापारी म्हणाला, मी घंटा दिली होती आणि तुमच्या काठावरून उत्तरही आले, आता मी पाठ फिरवणार नाही. दोघेही खरेच बोलत होते. दोघांनी एकाच क्षणी घंटा वाजवली होती, आणि प्रत्येकाने दुसऱ्याची घंटा हा आपल्याला मिळालेला होकार समजला होता. पण तरुण रक्त आणि आपणच बरोबर असल्याची खात्री एकत्र आली, की शहाणपण काठावरच राहते. भार्गवने धाक दाखवायला फळीवर पाय आपटला. व्यापाऱ्यानेही आपटला. एकाचा पाय पडला की दुसऱ्याचा पडायचा, जणू पायांनीच भांडण चालले होते.

पूल हेलकावू लागला. भार्गवची बाजू वर उचलली जाई तेव्हा व्यापाऱ्याची खाली आदळे, मग उलट. प्रत्येक हेलकावा आधीच्याहून मोठा. एक फळी निखळून दरीत गेली आणि ती पडल्याचा आवाज यायला फार वेळ लागला. गाडग्यातला काढा हिंदकळून मनगटावर सांडला तेव्हा भार्गवला त्या लेकराची आठवण झाली, आणि तो मनातून घाबरला. देवी कोपली तर कोपो, असे म्हणून तो काठाकडे पळणार, एवढ्यात गुरू काठावर पोहोचले.

त्यांनी हात वर करून सांगितले, "भार्गवा, परत फिरू नकोस. मध्यावर जा."

भार्गवला वाटले, गुरूंना भ्रम झाला. मध्य म्हणजे दोन्ही काठांपासून सर्वांत दूरची जागा. गुरू पुन्हा म्हणाले, "ती चिंधी बघ. ती वरखाली होते का?"

त्याने पाहिले. सगळा पूल उसळत होता आणि चिंधी जागच्या जागी नुसती डुलत होती. मग गुरूंनी व्यापाऱ्यालाही हाक मारली, "शेठ, तुम्हीही या. पाय आपटू नका, सरपटत या."

दोघे गुडघ्यांवर सरपटत गेले आणि चिंधीखालच्या फळीवर गुडघ्याला गुडघा लावून बसले. दोन्ही बाजूंना पूल उसळत होता, ती फळी मात्र जागच्या जागी कलत होती, इतकेच. गुरूंनी सांगितले तसे ते हललेच नाहीत. हळूहळू पूल निवला.

आता पुढे कसे जायचे? त्या अरुंद जागी एकमेकांना मिठी मारून फिरल्याशिवाय दोघांना जाणे शक्य नव्हते. त्यांनी मिठी मारली. भार्गवच्या छातीला व्यापाऱ्याच्या छातीची धडधड कळली. तोही तितकाच घाबरलेला होता.

पूल मोकळा झाल्यावर गुरूही सावकाश ओलांडून आले. अर्धा काढा उरला होता. तो पुरला. दुपारी लेकराला घाम फुटला आणि त्याने आईकडे पेज मागितली. तेव्हा अंगणात भार्गवने गुरूंना विचारले, मध्य स्थिर असेल हे कसे कळले?

गुरूंनी विहिरीचा दोर खांबाला बांधला, दुसरे टोक हातात धरून हलवले. ठराविक ठेक्यावर दोराला दोन फुगवटे आले, मधला बिंदू निश्चल. ठेका जरा बदलताच सगळे विस्कटले.

"ही लाट कुठे जाताना दिसते का?" गुरू म्हणाले. "नाही. माझ्या हातून निघालेली लाट खांबापर्यंत जाते आणि उलटून परत येते. जाणारी नि येणारी ठेक्यात भेटल्या, की काही जागी एकमेकींना चढवतात आणि काही जागी शमवतात. लाट मग पुढे सरकत नाही, तिथेच उसळत राहते. पुलावर तुम्ही दोघे तिला ठेक्यात खाऊ घालत होतात. ठेका थांबला, तिची उपासमार झाली."

"पण गुरुजी, आधी घंटा कोणी वाजवली?"

"तुझा पाय अजून आपटतोच आहे, भार्गवा."

 संध्याकाळी परतताना भार्गवने पुलाची घंटा वाजवली. त्याच क्षणी पलीकडूनही घंटा आली. तो पाऊल न टाकता थांबला. पलीकडे दिसणारा माणूसही थांबला होता. भार्गवने गाडगे खाली ठेवले आणि हात हलवून त्याला खूण केली, आधी तुम्ही या.