करंजमाळची मुकी हलगी

फार फार वर्षांपूर्वी, गावात पाट्या कमी आणि तोंडं जास्त होती, तेव्हाची ही गोष्ट. तेव्हा भिंतीवर कागद डकवला आणि सरकार मोकळं झालं, असं चालत नसे. कागद आला की तो ओरडून सांगावा लागे, आणि ओरडण्याआधी हलगी वाजवावी लागे. करंजमाळ गावात हे काम सुभाना हलगीवाल्याकडे होतं. बापाकडून आलेलं, बापाला त्याच्या बापाकडून.

सुभाना अंगानं काटकुळा, पण पागोटं मात्र दोन माणसांचं. आवाज असा की त्यानं चावडीपाशी दवंडी दिली की ओढ्यापलीकडच्या म्हशी रवंथ थांबवून ऐकत, असं म्हणतात. म्हशींनी ही गोष्ट कधी नाकारलेली नाही.

त्याच्या हलगीची कडी, म्हणजे कातडं ताणलेलं गोल कडं, गावच्या राईतल्या लाकडाची होती. एका वादळात तिथली जुनी शिसव पडली, तिच्या फांदीतून आज्यानं ती वाकवून घेतली होती. ही राई गावाच्या वेशीबाहेर होती आणि राईच्या पोटात झरा होता. गावाचा पाणवठा वेगळा, सुभानाच्या वस्तीचा पाणवठा खाली वेगळा, अशी तेव्हाची रीत. पण माणसांनी पाणवठे कितीही वाटून घेतले तरी झरा एकच होता.

आता हलगी धरायची डाव्या हातात आणि काठी उजव्या. मग कागद कुठं ठेवायचा? तो हलगीच्या कडीत, कातड्याला लावून खोवायचा, अशी सुभानाच्या घराण्याची पद्धत. वाचणं त्याला येत नव्हतं. कुलकर्णी एकदा वाचून दाखवत आणि सुभाना तो मजकूर अक्षराला अक्षर पाठ म्हणे. कागद कडीत असे तो फक्त दवंडी सरकारी आहे हे दिसावं म्हणून.

पण त्या हलगीला एक खोड होती. लग्नात, जत्रेत ती पाहिजे तशी घुमे. कडीत कागद असला आणि त्या कागदात काही चुकलेलं असलं, तर मात्र ती वाजत नसे. काठी मारली की भिजल्या घोंगडीवर मारल्यासारखा ‘थप’ असा आवाज येई आणि संपलं. कातड्याला शुद्धलेखनातलं काय कळतं, असं कोणी विचारील. आपल्या अंगावरही कातडंच आहे. कुणाला कळतं, कुणाला नाही.

गावचे कुलकर्णी नारोपंत. अक्षर मोत्यांसारखं, आणि त्या अक्षराचा गर्व त्याहून टपोरा. त्यांनी एकदा मोकाट गुरांबद्दल कागद लिहिला. सुभानानं चावडीपुढं काठी मारली. थप.

“काय रे सुभान्या, जेवला नाहीस वाटतं?” पंत ओसरीवरून म्हणाले.

“म्या जेवलोय जी. पर हलगीला कागद पचंना.”

“माझा कागद? माझा?”

“तुमचाच हाय, पंत. पुन्यांदा बघा की.”

पंतांनी पुन्हा बघितलं. एका ओळीत काना गळाला होता. मोती होता, पण गळलेला होता. त्यांनी तो गुपचूप घातला, आणि हलगी अशी कडाडली की मोकाट गुरं दवंडी न ऐकताच घरी गेली, असं म्हणतात.

तेव्हापासून पंतांची झोप उडाली. ते प्रत्येक शब्दावर बोट ठेवून, ओठ हलवत लिहू लागले. विहिरीचा गाळ काढायचा कागद शुद्ध होईपर्यंत पावसाळा येऊन गेला आणि विहीर भरली. गाव वैतागलं. पाटील म्हणाले, “सुभान्या, ती हलगी बदल आन् साधी आण. मेली पंतोजीच झालीय!”

सुभाना ऐकून घेई आणि हलगी शेकोटीवर ऊब देऊन कुशीत धरी. बायकोपेक्षा तो तिला जास्त जपे, असं त्याची बायको गोजरा सगळ्या वस्तीला सांगत असे. आणि जपण्याला कारणही होतं. बापानं जाताना त्याला सांगितलं होतं, “कागद चुकला तर ही गप बसंल, लेका. पर कागद बराबर असून तुझं त्वांड चुकलं, तर ही जगायची न्हाई.” म्हणून सुभाना दवंडीला निघण्याआधी तोंडात पाण्याचा घोट धरून मजकूर मनातल्या मनात घोळवी. आयुष्यात त्याचा एक शब्द इकडचा तिकडे झाला नव्हता.

अशात संस्थानच्या राजेसाहेबांना नवा दरबार हॉल बांधायची लहर आली. हॉलला तुळया हव्या, आणि तुळयांसारखी झाडं करंजमाळच्या राईत. कचेरीतले फडणीस हुकूम काढायला बसले.

राई गेली की झरा जाणार, हे गावातलं शेंबडं पोरही जाणून होतं. पाटील कचेरीत जाऊन पाया पडून आले. फडणीसांनी त्यांना चहा पाजला आणि राई तोडायचं कायम केलं.

पण संस्थानचा जुना कायदा होता. चावडी, पार आणि वेस, या तीन जागी त्याच गावच्या हलगीवर दवंडी झाल्याशिवाय हुकूम लागू होत नसे. राजेसाहेबांना कायदा मोडता आला असता. पण तो त्यांच्या आजोबांनी केलेला, आणि आजोबा दरबारातल्या तसबिरीतून मिशीला पीळ देऊन बघत होते.

हुकूम आला. सुभानानं कडीत खोवला आणि काठी मारली. थप.

चावडीपुढं गोळा झालेल्या माणसांनी एकमेकांकडे बघितलं. कचेरीच्या शिपायानं पुन्हा मारायला लावली. थप. कागद परत गेला. कारकुनानं ऱ्हस्व-दीर्घाचा चिखल केला होता, तो निस्तरून दुसरा कागद आला. त्यात वाक्य सुरू झालं होतं ते कुठं संपलंच नव्हतं. थप. त्यानंतरच्या कागदात राजेसाहेबांच्या नावातच एक अक्षर कमी पडलं होतं. थप. त्या कारकुनाला घरी पाठवून दुसरा नेमला, तो पहिल्याचाच मेहुणा निघाला.

मग गावाला हलगी एकदम आवडू लागली. पाटलांनी तिला हळद-कुंकू वाहिलं. बाया कचेरीच्या दिशेनं हात जोडून म्हणू लागल्या, “देवा, कारकुनाची अक्कल अशीच राहू दे!”

शेवटी फडणीसांनी डोकं चालवलं. त्यांनी हुकूम नारोपंतांकडेच धाडला आणि कळवलं, की तुम्हीच तपासून द्या, तुमच्याइतकं शुद्ध कोणी लिहीत नाही. पंत दिवसभर त्या कागदापुढं बसून राहिले. वरची एक चूक त्यांनी सुधारली आणि खाली एक नवी पेरली. ती पेरताना शाईचा एक थेंब पडला, आणि तो थेंबही त्यांनी नीट पुसून काढला. थप.

फडणीसांनी ते ओळखलं. त्यांनी दूरच्या गावाहून एक शास्त्री आणवला. हा शास्त्री शिंकलासुद्धा तर व्याकरणाला धरून शिंकत असे, असं म्हणतात. त्यानं हुकूम लिहिला, आणि फडणीस स्वतः तो घेऊन बाजाराच्या दिवशी करंजमाळला आले.

पंतांनी तो चावडीवर वाचून दाखवला. वाचताना चेहरा उतरत गेला. शेवटी सुभानाच्या कानाशी लागून म्हणाले, “काही सापडत नाही रे.”

सुभानानं कागद खोवला. काठी मारली.

हलगी वाजली. अशी वाजली की राईतली पाखरं भर दुपारी उठून आभाळात फिरू लागली, पारावरचे बाजारकरी उभे राहिले, आणि ओढ्यापलीकडच्या गायींना पान्हा फुटला, असं म्हणतात. त्या हलगीला जन्मात इतका नेटका कागद मिळाला नव्हता. सुभानाच्या तोंडावर हसू आलं, आणि लगेच त्या हसण्याची लाज आली. चावडीपुढं त्यानं हुकूम म्हटला. एक शब्द इकडचा तिकडे नाही.

मग सगळे पाराकडे निघाले. पुढं सुभाना, मागं फडणीस, त्यांच्या मागं सबंध गाव. पारापुढं हलगी पुन्हा घुमली, आणि हुकूम पुन्हा बिनचूक म्हटला गेला.

आता राहिली वेस. वेशीच्या वाटेवर गोजरा झऱ्याचं पाणी घेऊन येत होती. तिनं घागर खाली ठेवली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“वाजव, वाजव,” ती म्हणाली. “लई ग्वाड वाजतीया. उद्या पोरांनी पानी मागितलं की हीच पाज त्यांना.”

“म्या काय करू? कागदात चूकच न्हाई.”

“कागदात न्हाई ना?” गोजरा म्हणाली. “मग बाकी कुठं शोधलीस का?”

सुभाना खाली वाकला. तिच्या घागरीतलं ओंजळभर पाणी प्यायला, थोडं हलगीच्या कडीला लावलं, आणि वेशीत जाऊन उभा राहिला. समोर राई होती. त्यानं काठी मारली. हलगी तिसऱ्यांदा वाजली, आधीच्या दोन्ही वेळांपेक्षा गोड. मग त्यानं हुकूम म्हणायला सुरुवात केली. अर्ध्यात आला, डोळे मिटले, आणि एक शब्द चुकला.

कुठला शब्द चुकला याबद्दल करंजमाळात अजून एकमत नाही. वरची आळी एक सांगते, खालची दुसरा, आणि दोन्ही आळ्यांत त्यावरून सोयरीक मोडलेली आहे. पण शब्द चुकला, आणि हलगीचं कातडं या कडेपासून त्या कडेपर्यंत उभं फाटलं, हे सगळे सांगतात. कागद शुद्ध, तोंड अशुद्ध, मधे कातडं सापडलं.

“चुकला! शब्द चुकला!” नारोपंत आनंदानं ओरडले. दुसऱ्याच्या चुकीनं इतका आनंद त्यांना नेहमीच होत असे, पण कारण प्रथमच चांगलं होतं.

“पुन्हा म्हण,” फडणीस म्हणाले.

सुभानानं फाटकी हलगी दोन्ही हातांनी वर धरली. कातड्याच्या फटीतून पलीकडची राई दिसत होती.

“म्हणतो की, सरकार,” तो म्हणाला. “पर कशावर?”

फडणीसांनी हार मानली नाही. नवं कातडं चढवायला लावलं; ते उन्हात वाळता वाळताच तडकलं. दुसरं चढवलं, ते धड राहिलं पण मुकं निघालं. शेजारच्या गावची हलगी मागवली, तर पंतांनी जुना कायदा काढून दाखवला: गावची वेस, गावचीच हलगी. त्यात एकही चूक नव्हती. शेवटी राजेसाहेबांनी हॉलला लोखंडी तुळया घातल्या आणि त्यांना मोटारींचा नाद लागला.

दवंडीचं काम सुभानाकडून गेलं. पण त्यानं ती कडी टाकली नाही. ते मुकं कातडं तिच्यावर तसंच ठेवून ती खांद्याला अडकवून तो फिरे, आणि लग्नात वाजंत्री वाजू लागली की उठून राईत जाऊन बसे. तो गेला त्या दिवशी वाऱ्याचं नाव नव्हतं. तरी राईतली सगळी पानं एका ठेक्यात वाजत होती, आणि तो ठेका दवंडीचा होता, असं म्हणतात.

आज करंजमाळात पाट्या फार झाल्या आहेत. वाढदिवसांचे फलक आहेत, नोटिसा आहेत, निवडणुकीत तर झाडांची खोडं दिसत नाहीत. पण सुभानाची हलगी अजून वेशीत टांगलेली आहे. गावात काहीही लावायचं असलं, लग्नपत्रिका असो की सरकारी कागद, आधी तिच्या कडीत खोवतात आणि काठीनं एकदा मारतात. ती ‘थप’ म्हणते. मग “अशुद्ध आहे” असं सांगून तो कागद लावतात. त्यामुळे गावाच्या मते आजवर एकही कागद शुद्ध उतरलेला नाही. राईबद्दल काही आलं, की मात्र तो कागद परत जातो आणि पंचायत नम्रपणे उत्तर देते, “हलगी वाजली नाही, साहेब.”

राईच्या तोंडाशी कुठल्याशा खात्यानं लावलेली एक पाटी आहे, झाडं तोडू नयेत अशी. दोन ओळींची, आणि दोन्ही ओळींत चुका. मागं एकदा बदलून आलेले मास्तर रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन ती सुधारायला निघाले. झऱ्यावर धुणं धुणाऱ्या एका म्हातारीनं त्यांचा हात धरला.

“आजी, अहो, पाटी चुकीची आहे,” मास्तर म्हणाले.

“असू द्या, मास्तर,” म्हातारी म्हणाली. “बराबर लिवलेलं आलं हुतं एकदा. तवाच झाडं जायची हुती.”