गालातला हिरडा

घाटमाथ्यावरच्या एका गावात एक बोलघेवडा माणूस आपल्या बायकोसह सुखानं राहत होता. सुखानं म्हणजे, तो बोलत असे आणि ती राहत असे. त्याच्या गप्पांना कंटाळून गावच्या विहिरीचं पाणी दोन हात खाली गेलं होतं म्हणतात. खोटं वाटत असेल तर विहिरीला विचारा.

गावाला लागून सदाहरित रान होतं. इतकं दाट, की उन्हालासुद्धा वाट विचारत आत शिरावं लागे. त्या रानात जाण्याची एक रीत होती. पायवाटेच्या तोंडाशी हिरड्याचं झाड होतं. आत जाणाऱ्यानं खाली पडलेला एक हिरडा उचलायचा, गालात धरायचा आणि परतताना तिथंच ठेवायचा. हिरडा तोंडात असला की जीभ गप्प बसते आणि पाखरं बिनघोर राहतात, असं जुनी माणसं सांगत.

बायकोची लग्नापासूनची एकच इच्छा होती. धनेश पक्षी आपल्या मादीला भरवतो, ते डोळ्यांनी पाहायचं. अंडी घालायच्या दिवसांत ही मादी झाडाच्या ढोलीत शिरते, दार लिंपून घेते आणि चोचीपुरती फट ठेवते. मग नर आणेल तेच तिनं खायचं.

"अहो, यंदा तरी नेता ना मला?" ती म्हणाली. "पुढच्या वर्षी गुडघे माझं ऐकायचे नाहीत."

"नेतो म्हणजे काय! वाटेत एकेक झाड समजावून सांगतो!"

"तेवढं नका करू," ती म्हणाली.

दोघांनी हिरडे गालात धरले आणि वाट धरली. पहिल्या वळणापर्यंत तो शहाण्यासारखा चालला. तेवढ्यात शीळकरी कस्तुर पक्ष्यानं लांबून शीळ घातली, अगदी एखाद्या रिकामटेकड्या माणसासारखी.

"कोण आहे रे तिकडे?" हा ओरडला. त्या घाईत हिरडा चावून गिळूनही झाला होता. मग काय, बांधच फुटला. "ही गारंबीची वेल बघ! माझ्या आजोबांनी हिच्या शेंगेची होडी करून भर पुरात नदी ओलांडली होती. आणि त्या फांदीवरची आमरी..."

बायको नेच्यांवरून हात फिरवत, आमरीची फुलं मान वर करून पाहत चालली होती.

"पण एकही पाखरू कसं दिसेना गं?"

तिनं हिरडा दुसऱ्या गालात सरकवला. "झाडं दिसतायत तेवढी पाहा. त्यांना पळता येत नाही बिचाऱ्यांना."

शेवटी ढोलीचं झाड आलं. दोघं एका बुंध्याआड बसली. फटीतून मादीची चोच बाहेर आली होती. वरून पंखांचा सूंऽऽ सूंऽऽ आवाज आला.

"आला, आला! पंख बघ केवढे!"

नर वळला आणि निघून गेला. फटीतली चोच रिकामीच मिटली.

थोड्या वेळानं नर पुन्हा आला. "आता नाही हं बोलत मी, एक अक्षर नाही..." नर पुन्हा गेला.

बायकोनं हिरडा काढून हातात घेतला. "चला परत," ती हळूच म्हणाली. "आपल्यापायी ती उपाशी राहतेय. माझं पाहणं राहू दे."

त्यानं तिला हातानं 'बस' म्हणून खुणावलं आणि पागोट्याचं टोक तोंडात कोंबलं.

नेमके तेव्हाच तांबडे मुंगळे त्याच्या धोतरात शिरले. एकटे नव्हे, सहकुटुंब! शब्द पोटातून निघाले ते गळ्यात येऊन अडकले. गळा फुगला, कान लाल झाले, डोळे खोबऱ्याच्या वाट्यांएवढे झाले. पण तो हूं की चूं करेना.

आणि नर आला. त्याचाही गळा असाच फुगलेला. तो बुंध्याला बिलगला, गळ्यातून एक उंबर चोचीत आणलं, फटीत दिलं. ती खाईपर्यंत थांबला. मग दुसरं. मग आणखी एक. बायको टक लावून पाहत होती. न पाहताच तिनं नवऱ्याचा हात घट्ट धरला. मुंगळ्यांचं त्याला पुढे काही जाणवलं नाही.

परतताना तिनं आपला हिरडा झाडाखाली ठेवला. "आणि तुमचा?" तिनं विचारलं. त्यानं पोटाकडे बोट दाखवलं. ती इतकी हसली, की तिला बुंध्याला टेकावं लागलं.

घरी आल्यावर त्यानं पागोटं सोडलं. गळ्यात दिवसभराचं बोलणं तुंबलेलं होतं. पण त्यानं एकच शब्द काढला. "दुखतंय?"

"काय?"

"गुडघे."

आणि तो थांबला. उत्तर येईपर्यंत थांबला.

"दुखतायत थोडे," ती म्हणाली. मग गुडघ्यांवरून माहेरच्या उंबरावर गेली, उंबरावरून तिथल्या पाखरांवर आणि पाखरांवरून कुठल्या कुठे! तो मध्येमध्ये एखादा शब्द भरवी आणि ऐकत राही. त्या दिवशी विहिरीचं पाणी दोन हात वर आलं म्हणतात. ऐकायला.

तात्पर्य: मायेच्या माणसाला शब्द एकेक करून द्यावा, आणि त्याची चोच उघडेपर्यंत दुसरा गळ्यातच धरावा.