कुंडातली कुऱ्हाड

ऐनोळे गावात कुणाच्याही घरी गेलात, तरी दाराआड खुंटीला कुऱ्हाडीचं पातं टांगलेलं दिसेल. त्याला दांडा मात्र नसतो. नवख्या माणसाला वाटतं, मोडला असेल. आणखी दोन-चार घरी तेच पाहिलं, की तो विचारतो आणि मग त्याला वर झरीआईच्या देवळाकडे पाठवतात. देवळामागे काळ्या दगडांनी बांधलेलं लहानसं कुंड आहे. गावातल्या साऱ्या कुऱ्हाडींचे दांडे त्या कुंडात, पाण्याखाली दगडांनी दाबून ठेवलेले असतात. कुंडाच्या माथ्यावर धामणीचं एक जुनं झाड आहे. त्याच्या बुंध्याला कमरेइतक्या उंचीवर एक खाच आहे. आत घातला, तर माणसाचा हात मनगटाच्या वर जातो. आणि कुंडाच्या मधोमध, एका बुडालेल्या पायरीवर, पातं वर करून एक अख्खी कुऱ्हाड उभी आहे. पाणी भरपूर असलं की ती दिसत नाही.

देवळाचे गुरव धाकूबाबा आता पंचाहत्तरीचे आहेत. जंगलाची पाहणी करायला, टिपणं काढायला येणारी माणसं अलीकडे वाढली आहेत. बाबा त्यांना आधी चपला काढायला लावतात, मग एकेकाला त्या खाचेत हात घालायला लावतात आणि नंतरच सांगायला बसतात. "हितं झाड तोडायला बंदी हाय, असं लिवून घेऊ नका," हे त्यांचं पहिलं वाक्य. "बंदी नाय. आमची घरं लाकडाचीच हायत. तोडायची रीत हाय. ती कुठनं आली, तेवढं ऐका."

फार पूर्वी, खाडीच्या बंदरात गलबतं बांधली जात त्या काळी, ऐनोळ्यात हरबा नावाचा सुतार होता, असे सांगतात. त्याची बायको बाळंतपणातच गेली. मागे राहिली साळू. हरबाने दुसरं लग्न केलं नाही. पोरीला त्याने एकट्यानेच वाढवलं. ज्या साली हे घडलं, त्या साली साळू सोळा वर्षांची झाली, तिचं लग्न ठरलं आणि हरबा तिला बसायला फणसाच्या लाकडाचा पाट करू लागला. त्याच्या चारही कोपऱ्यांना त्याने पोपट कोरले होते. जगात त्याचं म्हणावं असं एवढंच होतं, ती पोर आणि हातातलं कसब.

डोंगराचे तेव्हा बारा वाटे होते. दरसाल एकाच वाट्यात कुऱ्हाड चाले, बाकीचे अकरा बंद. झाड तोडायचं ते वीतभर खोड राखून, घाव तिरका, म्हणजे पाणी निथळून जातं. वर शेणमातीचा लेप. त्या खोडाला पुन्हा धुमारे फुटत आणि बारा वर्षांनी तोच वाटा पुन्हा हाताशी येई. गावात कुऱ्हाडी तरी किती? पाच. त्यांचे दांडे हरबाच्या घराण्याने करायचे. दांड्याला लागते धामण, कारण ती चिवट असते आणि घावाचा हिसका हाताला बसू देत नाही. धामण उगवायची ती फक्त झरीआईच्या झऱ्याच्या माथ्यावर. तिथून वर्षाला एकच फांदी घ्यायची, असं हरबाच्या आज्याने घालून दिलं होतं.

मग बंदरावरच्या कारभाऱ्याची माणसं वर आली. गलबतांना लाकूड हवं होतं. त्यांनी तांदूळ आणला, मीठ आणलं आणि घरटी एक असं लोखंडी पातं वाटलं. साठ घरं, साठ पाती. गावाला हरखून जायला आणखी काय पाहिजे? जो तो पातं घेऊन हरबाच्या दारात उभा राहिला. एरवी ज्याला कुणी हाक मारत नसे, त्याला आता लोक "हरबादादा, हरबादादा" करू लागले. हरबाला ते गोड लागलं. माणूस होता तो, लागणारच! पहिली धामण पाडताना त्याने झरीआईपुढे नारळ ठेवला. दुसऱ्या धामणीला तोही ठेवला नाही, म्हणे.

दोन वर्षांत बाराही वाटे बोडके झाले. वीतभर खोड राखायची फुरसत कुणाला होती? बुंधे मुळाशी खणून काढले, गाड्यांनी खाडीकडे गेले. चुलीसाठी लागणाऱ्या काटक्यासुद्धा बायका दोन डोंगर पलीकडून आणू लागल्या. आणि झऱ्याच्या माथ्यावर धामणीची केवळ खोडं उरली. तेवढी खोडं हरबाने सवयीने राखली होती. झाड म्हणून एकच उभं राहिलं.

तिसऱ्या साली माघातच झरा आटला. आजवर तो वैशाखातही आटला नव्हता. बायका खालच्या नदीवर जाऊ लागल्या. जायला-यायला अर्धा दिवस लागे.

आता कुऱ्हाडीची एक गोष्ट ठाऊक असायला हवी. उन्हाने दांडा सुकतो, आकसतो आणि पातं खिळखिळं होतं. म्हणून दांडा काम झालं की पाण्यात टाकायचा. लाकूड फुगतं आणि पातं घट्ट धरतं. हरबाच्या आज्यापासून दांडे झऱ्याखालच्या खळग्यात भिजत पडत. तो खळगा आता कोरडा होता. वैशाखात लोक दांडे घेऊन हरबाकडे येऊ लागले. दादा, हलतंय. दादा, ढिलं झालंय.

त्या दिवशी साळू नदीवरून हंडा घेऊन आली, तर बाप अंगणात आपली कुऱ्हाड घेऊन बसलेला. त्याने हंड्याकडे हात केला.

"वाईच पाणी दे त्यातलं. दांडा भिजवायचाय."

"बा, ह्ये प्यायचं हाय," साळू म्हणाली. "अर्धा दिस चाललेय मी ह्याच्यासाठी. आनि तोडायला आता ऱ्हायलंय तरी काय?"

"धामण हाय येक. कारभाऱ्याला आनखी धा दांडे पायजेत."

"ती ऱ्हाऊ दे बा. तेवढी ऱ्हाऊ दे."

हरबाने पाणी पुन्हा मागितलं नाही. पोरीच्या तोंडचं पाणी घ्यायला त्याचा जीव झाला नाही. कोरड्या दांड्यात त्याने लाकडाची एक पाचर ठोकली, पातं हलवून पाहिलं. पाचरीने भागत नाही, हे त्या पंचक्रोशीत सर्वांत चांगलं कुणाला ठाऊक असेल तर त्यालाच. तरी तो उठला आणि झऱ्याकडे चालू लागला.

साळू घरात गेली. तिला राहवलं नाही. बाप उन्हाचा गेलाय, तोंडात पाण्याचा थेंब नाही, म्हणून तिने तांब्या भरला आणि ती त्याच्या मागोमाग वर गेली. हरबाने तोवर बुंध्यात खोल घाव घातले होते. पायांचा आवाज आला, पण त्याने मान वळवली नाही. उगारलेली कुऱ्हाड त्याच्या डोक्यामागे होती. त्या उगारण्यातच पातं सुटलं. हातात नुसता दांडा उरला, म्हणून तो वळला. साळू वाटेत पडली होती. तांब्या लवंडला होता आणि पाणी मातीने तिथल्या तिथे पिऊन टाकलं होतं.

पोरगी बापाच्या मांडीवर गेली. एक शब्द बोलली नाही, असे सांगतात. काही लोक म्हणतात, ती "बा, पाणी" एवढं म्हणाली. धाकूबाबा हे दुसरं सांगत नाहीत. त्यांना ते सांगवत नाही.

गाव जमलं. आणि मग गावाला कळलं, की पोरीला जाळायला लाकूड नाही. ज्या गावाने गलबतं भरभरून लाकूड दिलं, त्या गावात एका सरणापुरतं लाकूड नव्हतं. कुणी म्हणालं, ही धामण अर्धी तुटलेलीच आहे, पाडून टाकू. हरबा उठून झाडाला पाठ लावून उभा राहिला.

"हिला हात लावायचा नाय."

"मंग पोरीला जाळायची कशानं रं?" गावच्या म्हाताऱ्या पाटलाने विचारलं. "माझ्या घराचा वासा काढून देतो, चल."

"घरं मोडू नका," हरबा म्हणाला. "दांडे द्या. मी केल्याले समदे दांडे द्या."

लोक घरोघर गेले. एकोणसाठ पाती खुंटीला राहिली आणि तेवढेच दांडे झऱ्यावर आले. खाली गोवऱ्या, वर दांडे, आणि सगळ्यांत वर पोपट कोरलेला तो पाट. सुकलेले दांडे भराभर पेटले. हातातला साठावा दांडा तेवढा हरबाने दिला नाही.

सरण विझल्यावर तो कोरड्या खळग्यात उतरला, दांडा तळाशी ठेवला आणि त्याच्यावर दगड ठेवला. "ह्यो दांडा भर वैशाखात फुगून पातं धरंल," तो गावादेखत म्हणाला, "तवा कुऱ्हाड उचला. तवर माझ्या हातनं दांडा व्हनार नाय." बंदरावरची माणसं आली, दटावून गेली, पुन्हा आली. हरबाने लाकूड तासायचा वाकस पुरून टाकला होता. दुसऱ्या लाकडाचे दांडे लोकांनी करून पाहिले, ते मोडले. शेवटी बंदरवाले दुसऱ्या गावांकडे वळले. तिथे काय झालं, ते कुणी सांगायला उरलं नाही.

हरबा अकरा वर्षं जगला. रोज नदीवरून एक हंडा आणायचा आणि धामणीच्या खोडांना घालायचा, खोडांवर शेणमाती लिंपायचा. खोडांना धुमारे आले, धुमाऱ्यांच्या फांद्या झाल्या. मग गावानेही वाटे पुन्हा आखले आणि डोंगरात बी टाकलं. खळगा मात्र दर साली दिवाळीनंतर कोरडा पडे. हरबा रोज त्यात उतरून दांडा चाचपायचा. तो मेला त्या वैशाखातही दांडा कोरडाच होता. माझ्यासाठी काडी तोडू नका, असं तो सांगून गेला होता, म्हणून त्याला झऱ्याच्या माथ्यावर पुरलं.

पुढच्या साली वैशाखात एक बाई सहज वर गेली, तर खळग्यात गुडघाभर पाणी. लोकांनी दांडा बाहेर काढला. साळूला लागलेलं ते पातं पाटलाने जपून ठेवलं होतं. ते दांड्यावर बसवलं आणि काढून पाहिलं, तर निघेना. चार माणसांनी ओढलं तरी निघेना, म्हणे. मग ती कुऱ्हाड तशीच पाण्यात उभी केली आणि भोवती कुंड बांधलं.

आजही माघात, ज्या वाट्याची पाळी असेल त्याच्यासाठी, गावाचे दांडे कुंडातून निघतात. आठ दिवस कुऱ्हाड चालते. त्यापुढे दांडा सुकून पातं हलायला लागतं, म्हणून नवव्या दिवशी सगळे दांडे पाण्यात परत. आणि माघात मधल्या कुऱ्हाडीचं पातं पाण्यावर दिसलं, तर त्या साली गावात कुणी झाड तोडत नाही. मग घर पडो की लग्न असो.

एवढं सांगून धाकूबाबा उठतात. त्यांच्या स्वतःच्या घराचं आढं कुजलं आहे. त्याला खालून बांबूचा टेकू आहे आणि वर निळं प्लास्टिक. यंदा पाळी त्यांच्या घरामागच्याच वाट्याची होती. यंदाच्याच माघात पाहुण्यांपैकी एकाने विचारलं, बाबा, मग आढ्याला लाकूड कधी आणणार? बाबांनी त्याला हाताला धरून कुंडाच्या काठावर नेलं.

पाण्याच्या वर चार बोटं, काळं गंजलेलं पातं उन्हात दिसत होतं.

"सलग तिसरं साल हाय," बाबा म्हणाले, आणि त्यांनी ओंजळभर पाणी धामणीच्या मुळाशी घातलं.