केरबा पाथरवटाचा डावा हात

फार वर्षांपूर्वी, घणेवाडीच्या ओढ्यावर अजून पलीकडे जायची शिळा नव्हती आणि दर पावसाळ्यात ओढा गावातला एक तरी जीव घेऊन जात होता, तेव्हाची ही गोष्ट. खरी किती आणि वाढवलेली किती, ते मला विचारू नका. मी ऐकली तशी सांगते.

घणेवाडी पाथरवटांची. गावाच्या डोक्यावर काळ्या दगडाचा डोंगर, आणि सकाळ झाली की घराघरातून माणसं छिन्नी-हातोडा घेऊन त्या डोंगराला लागायची. जाती, पाटे, उखळं, देवळांच्या पायऱ्या, सगळं इथून जायचं. जाताना कधी दगडही हिशेब मागायचा. कुणाचा हात जायचा, कुणाचा पाय, कुणाच्या डोळ्यात कपची शिरायची.

गाव निर्दय नव्हतं, हे आधी सांगते. उलट फार मायाळू होतं. एखादा कामातून गेला की चार वडीलधारे त्याच्या घरी यायचे आणि त्याची हत्यारं उचलून न्यायचे. डोळ्यांसमोर दिसली तर त्याचा जीव तुटेल, म्हणून. ती हत्यारं डोंगरावरच्या कपारीत ठेवायची. याला गावात ‘मोकळं करणं’ म्हणत. मग त्याच्या घरी दाणागोटा पोचायचा, कधी कमी पडायचा नाही. फक्त त्याच्याशी दगडाबद्दल कुणी चकार शब्द काढायचा नाही, आणि त्यानेही काढायचा नाही.

आणि असं म्हणतात, की मोकळा झालेला माणूस बहुतेक पुढची होळी बघत नसे. भिंतीकडे तोंड करून पडायचा, आणि पडल्या पडल्या संपायचा. नशीब, म्हणायचे लोक. त्यांच्या मनात दुसरं काही यायचंच नाही.

या गावात केरबा होता. दगडावर हातोडा पडला की नुसत्या आवाजावरून आत शीर आहे की दगड एकसंध आहे ते सांगायचा. चांगला दगड पितळी भांड्यासारखा वाजतो, शीर असलेला भद्द वाजतो. मधले शंभर आवाज मात्र केरबालाच कळत. एक दिवस पहार सटकली, दगड घरंगळला आणि केरबाचा उजवा हात मनगटापासून गेला. वडीलधारे आले. हत्यारं गेली. केरबा मोकळा झाला.

कशीबशी एक होळी त्याने पाहिली. दुसरी जवळ आली होती. तेव्हा एका दुपारी ओट्यावर बसल्या बसल्या त्याला डोंगरावरून घाव ऐकू आला. भद्द. पुन्हा घाव, पुन्हा भद्द. हा दगड फुटणार, मधोमध फुटणार, हे त्याला कळलं. पण ओरडायचं कसं? मोकळ्या माणसाने दगडाबद्दल बोलायचं नाही. तो उठला, बसला, पुन्हा उठला, आणि तेवढ्यात दगड फुटला.

त्या दगडाखाली मल्हारी सापडला. वीस-बावीस वर्षांचा, तानूबाईचा एकुलता एक. वैदूने गुडघ्याखाली पाय उतरवला. जीव वाचला.

इथे लहान मुलं कान झाकतात. झाकू नका, पुढे बरं आहे.

आठवड्याभराने केरबा मल्हारीच्या घरी गेला. मल्हारी भिंतीकडे तोंड करून पडला होता. येणारा-जाणारा म्हणत होता, होशील हो बरा, देवाची इच्छा. केरबा काहीच म्हणाला नाही. एक दिवस बसला, दोन दिवस बसला. तानूबाईला वाटलं, हा आणखी एक भिंतीकडे बघणारा घरात आला. तिसऱ्या दिवशी मल्हारीच कंटाळून म्हणाला,

“तात्या, कशाला येऊन बसतोस?”

“तुझं किती उरलंय ते बघायला,” केरबा म्हणाला.

“बघितलंस ना? आता जा.”

केरबा उठला. दारापर्यंत गेला. मग मागे न बघता त्याने विचारलं, “खाजतंय का?”

भिंतीकडूनच मल्हारीचा आवाज आला,

“काय?”

“पाय. जो न्हाई तो. माझी बोटं खाजतात, अजून. सकाळच्या पारी तर लई.”

मल्हारीने मान वळवली. दहा दिवसांत पहिल्यांदा त्याने भिंत सोडली. त्याला वाटत होतं आपल्याला वेड लागतंय, कुणीतरी करणी केलीय, गेलेला पाय भूत होऊन आलाय. आईला सांगायची सोय नव्हती. तो हळूच म्हणाला, “पोटरी खाजती तात्या. जीव जातो. काय करायचं?”

“खाजवायची.”

“कुठं?”

“जिथं हुती तिथं,” केरबा म्हणाला, आणि आपल्या डाव्या हाताने उजव्या मनगटापुढची रिकामी हवा खसाखसा खाजवून दाखवली. मल्हारी बघत राहिला. मग त्यानेही हवा खाजवली. आणि दोघं असे हसले, की चुलीपाशी बसलेल्या तानूबाईने पदर तोंडाला लावला. ती रडत होती की हसत होती, ते गोष्ट सांगत नाही.

चौथ्या दिवशी वडीलधारे हत्यारं न्यायला आले. पुढे संतू नाईक, गावाचा सगळ्यात जाणता पाथरवट. बघतात तर केरबा मल्हारीच्या हत्यारांवर मांडी घालून बसलेला.

“केरबा, ऊठ. पोराचा जीव तुटंल,” नाईक म्हणाले.

“तुटू दे, नाईक. तुटला तर रडंल. रडला तर उठंल. माझी नेली तेव्हा मला रडताबी आलं न्हाई.”

नाईकांनी खूप समजावलं. केरबा हलला नाही. शेवटी ते नुसतेच परत गेले. घणेवाडीत असं पहिल्यांदाच घडलं.

पण एका हाताचा माणूस छिन्नी धरेल तर हातोडा कुठे धरेल? आणि मल्हारीला तर उभंच राहता येईना. मग केरबाने डाव्या हातात छिन्नी धरली आणि मल्हारीला दारातल्या लिंबाखाली बसवून हातोडा मारायला लावला. दोघांत मिळून एक पाथरवट. पहिल्याच दिवशी मल्हारीचा घाव केरबाच्या अंगठ्यावर बसला.

“बाबा रे, जरा जपून,” केरबा म्हणाला, “आता हा एकच अंगठा उरलाय.”

गाव हसलं. पण लिंबाखाली तो टकटक आवाज रोज येऊ लागला. तो ऐकून कपची लागून डोळे गेलेली पारू आली, मग पाठ मोडलेल्या येल्लाप्पाला बाजेसकट उचलून आणलं. करता करता सात जण झाले. नवा कुणी आला की केरबा एकच विचारायचा, खाजतंय का? पारूने म्हणे त्याला शिवी हासडली होती, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच येऊन बसली होती.

आता ओढ्याचं ऐका. गावाने ओढ्यावर शिळा टाकायची ठरवली होती. बारा हात लांब, एकसंध. दोन शिळा उतरवल्या आणि दोन्ही ओढ्यावर ठेवता ठेवता मधोमध तुटल्या. डोंगरात तेवढा मोठा दगड आता एकच उरला होता. हाही तुटला तर येत्या पावसात पुन्हा कुणाचा तरी जीव जाणार. चाळीस माणसं त्या दगडाभोवती उभी, आणि घण उचलायला कुणी तयार नाही.

तेव्हा लिंबाखालचे सात जण डोंगर चढले. कुणी काठीवर, कुणी खांद्यावर. मल्हारीने हातोडा मारला. पारूने कान लावला आणि म्हणाली, शीर हाय, पण कुठं ते उमगंना. मग केरबा पुढे झाला, आणि त्याने उजवं मनगट दगडाला टेकवलं.

असं म्हणतात, की त्याची नसलेली बोटं दगडात शिरली. पाण्यात हात घालावा तशी. आतल्या आत चाचपडत गेली, आणि एका जागी गार पडली.

“हितं,” केरबा म्हणाला. “टोकापासनं दोन हात. एवढा तुकडा काढा.”

नाईकांचा चेहरा उतरला. दोन हात काढले तर दहाच उरणार, आणि ओढा पुरता नऊ हातांचा. केरबा चुकला तर दगड गेला आणि शिळाही गेली. नाईकांनी त्या मनगटाकडे बघितलं. मग त्यांनी स्वतः घण उचलला आणि मल्हारीला विचारलं, “मार म्हणतोस?”

“तात्या म्हणतोय न्हवं,” मल्हारी म्हणाला. “मारा.”

तुकडा सुटला. त्याच्या पोटात केसाएवढी बारीक तांबडी शीर होती, या कडेपासून त्या कडेपर्यंत. आणि उरलेली शिळा घावानंतर वाजत राहिली, घंटेसारखी. असं म्हणतात, की ती वाजत वाजतच डोंगर उतरली. चाळीस माणसांनी नुसता हात लावला होता. वर बसून मल्हारी हाळी देत होता आणि दगड कापसाचा झाला होता.

शिळा ओढ्यावर बसली. पण आधी जायचं कुणी? दोन तुटलेल्या सगळ्यांना आठवत होत्या. मल्हारी कुबडी घेऊन निघाला. ठक, ठक, ठक. बरोब्बर मध्यावर तो थांबला. तानूबाईने डोळे मिटले.

मल्हारी वाकला, गुडघ्याखालची रिकामी हवा मनसोक्त खाजवली, आणि पलीकडे गेला.

त्याच दिवशी नाईकांनी कपारीतली सगळी हत्यारं खाली आणली आणि ज्याची त्याच्या घरी पोचवली. ज्यांचे धनी राहिले नव्हते, त्यांच्या घरी नाईक स्वतः हात जोडून गेले. मल्हारीने पुढे चाळीस होळ्या बघितल्या.

केरबाला जाऊन किती पिढ्या झाल्या, कुणालाच सांगता येत नाही. शिळा आहे. डोंगरावर आता क्रशर चालतो, आणि हात-पाय अजूनही जातात. पण घणेवाडीत आजही कुणी जखमी होऊन घरी आला की पहिल्यांदा डॉक्टर, सरपंच, पाहुणे यांतलं कुणी उंबरा ओलांडत नाही. आधी कधीतरी स्वतः जायबंदी झालेलं माणूस आत जातं, रिकाम्या हाताने. हत्यारं उशाशी असतात. ते माणूस बसतं. एक दिवस बसेल, तीन दिवस बसेल. मग विचारतं,

“खाजतंय का?”

आणि बाहेर ओट्यावर बसलेलं अख्खं घर, आतून हसू येईपर्यंत, वाट बघतं.